मेजोबाबूची एकादशी

विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात तिसऱ्या मजल्यावर एक अरुंद खोली होती, तिच्यावर ‘पक्षी संशोधन गट’ अशी पाटी होती. गट म्हणजे तीन माणसं. प्रोफेसर निर्माल्य सान्याल, आणि त्यांच्याकडे पीएच.डी. करणारे दोघं, तमोघ्न आणि नूपुर घैसास. भिंतीवर भुसा भरलेला एक गरुड होता. त्याच्या चोचीला सर आपली छत्री अडकवत.

नूपुर सहा वर्षांची असताना तिच्या वडिलांची, उन्मेष घैसासांची, कोलकात्यात न्यू टाउनमधल्या एका कंपनीत बदली झाली आणि घैसास कुटुंब इथलंच झालं. घरात मराठी बोलत, पण नूपुरच्या मराठीला बंगालीचा गुण लागला होता. बंगालीत क्रियापदाला लिंग नसतं. त्यामुळे नूपुरची आई कधी आली असे, तर कधी आला असे. आईने दुरुस्त करणं केव्हाच सोडून दिलं होतं.

गटाचं काम घारींवर होतं. धापाच्या कचराभूमीजवळ सहा घारी पकडून त्यांनी प्रत्येकीच्या पाठीवर काडेपेटीपेक्षा लहान असं एक यंत्र बांधलं होतं. उन्हावर चालणारं ते यंत्र दर पंधरा मिनिटांनी घार कुठे आहे ते सरांच्या संगणकाला कळवी. तमोघ्नने घारींना जुन्या जमीनदारांच्या घरातल्या भावंडांसारखी नावं ठेवली होती. थोरला बडोबाबू, दुसरा मेजोबाबू, आणि असं खालपर्यंत. पुढे पिसांच्या तपासणीत मेजोबाबू मादी निघाली. पण तोवर नाव कागदोपत्री लागलं होतं.

बाकीच्या पाच घारी कचऱ्यावर खुशाल होत्या. मेजोबाबू मात्र रोज दुपारी पावणेचारच्या सुमाराला धापा सोडून थेट बालीगंजला जाई, तिथल्या एका गच्चीवर वीस-पंचवीस मिनिटं थांबे आणि परत येई. तमोघ्न म्हणाला की कोणीतरी तिथे खायला घालत असणार. त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते मेजोबाबूच्या सुट्ट्यांचं. महिन्यातून तीन दिवस ती त्या गच्चीवर थांबत नसे. चौदा महिन्यांच्या नोंदी सरांनी चंद्राच्या कलांशेजारी मांडल्या तेव्हा त्यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. पौर्णिमेच्या चार दिवस आधी, पौर्णिमेनंतर चार दिवसांनी आणि अमावास्येच्या चार दिवस आधी. एक-दोन अपवाद सोडले तर दर महिन्याला हेच. शिवाय ऑगस्टच्या आसपास एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत पूर्ण महिना घारीने त्या गच्चीकडे पाठ फिरवली होती.

सरांना मार्चमध्ये निवृत्त व्हायचं होतं. एकतीस वर्षांत त्यांनी पुष्कळ लिहिलं, पण कोणी उठून विरोध करावा इतकं महत्त्वाचं त्यातलं काही ठरलं नव्हतं. आता ‘चंद्रकला आणि शहरी घार’ हा निबंध त्यांनी आठ दिवसांत लिहिला आणि डिसेंबरात शहरातच भरणाऱ्या परिषदेला पाठवला. तो स्वीकारलाही गेला. तमोघ्नने पुन्हा एकदा खायला घालणाऱ्या माणसाचा विषय काढला, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, “तमोघ्न, माणूस विसरतो, कंटाळतो, गावाला जातो. चंद्र बघून कोणी मासे टाकायचा थांबत नाही.”

एकच गोष्ट त्यांना छळत होती. अमावास्येनंतरच्या चौथ्या दिवशीही घारीने दांडी मारायला हवी होती, म्हणजे चौकोन पुरा झाला असता. पण एक सप्टेंबर सोडला तर त्या दिवशी मेजोबाबू न चुकता हजर. सरांनी या चौथ्या कोपऱ्यासाठी दोन रात्री जागून भरती-ओहोटीची कोष्टकं तपासली. शेवटी निबंधात ‘याबाबत अधिक अभ्यासाची गरज आहे’ असं लिहून ते मोकळे झाले.

परिषदेला पंधरा दिवस उरले असताना सरांनी सगळ्या तारखा एकदा तपासायला नूपुरला दिल्या. ती सकाळी घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. आईने साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली. आज का खिचडी, असं नूपुरने विचारलं, तेव्हा आई म्हणाली की आज संकष्टी. नूपुरने मान डोलावली, दोन घास खाल्ले, आणि पडद्यावर नुकतीच आलेली आदल्या महिन्याची तारीख पाहिली. मग तिने आईला विचारलं की मागची संकष्टी कधी होती. स्वयंपाकघराच्या दाराला मराठी दिनदर्शिका टांगलेली होती. आईने पान उलटून तारीख सांगितली. तीच होती.

“आणि त्याच्या मागचा?”

“मागची,” आई म्हणाली. “संकष्टी ती.”

तारीख तीच होती. नूपुरने खुर्ची ओढून दिनदर्शिकेखाली नेली. खिचडी गार झाली. तीन सुट्ट्यांपैकी एक संकष्टीची निघाली, उरलेल्या दोन एकादशीच्या. सरांचा चौथा कोपरा म्हणजे शुद्ध चतुर्थी, आणि त्या दिवशी महिन्याच्या महिन्याला उपास करणारी माणसं थोडी; सप्टेंबरातली एकच दांडी गणेश चतुर्थीची. अपवाद वाटत होते ते एकादशी दोन दिवस विभागून आली तेव्हाचे. राहिला तो महिनाभराचा खंड. तो श्रावण होता. पण हिंदी भाषकांचा श्रावण पौर्णिमेला सुरू होतो, आपला अमावास्येनंतर. घारीचा श्रावण आपला होता.

“आई,” नूपुर म्हणाली, “मेजोबाबू मराठी आहे.”

आईने विचारलं की हा कोण मुलगा, आणि त्याचे आईवडील काय करतात.

नूपुरने हे आधी फक्त तमोघ्नला सांगितलं. तमोघ्न बराच वेळ हसला आणि मग एकदम थांबला, कारण सरांना हे कोणी सांगायचं हा प्रश्न त्यालाही दिसला. पक्कं कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं दोघांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला ते बालीगंजच्या त्या गल्लीत पोचले. यंत्राने दिलेल्या जागेवर एकच चार मजली इमारत होती. खालच्या नावांच्या फळीवर मुखर्जी, दत्ता, बागची यांच्या रांगेत तिसऱ्या मजल्यापुढे लिहिलं होतं: जी. व्ही. दाबके, सचिव. नूपुरने त्या नावाचा फोटो काढला.

गच्चीचं दार नुसतं लोटलेलं होतं, कडी नव्हती. बाहेर हिवाळ्यातलं मऊ ऊन पडलं होतं. पाण्याच्या टाकीला टेकून एक खोली होती, तिच्यातून फोडणीचा वास येत होता. दारात साठीच्या पुढच्या, किरकोळ अंगाच्या, दोन वाट्यांचं मंगळसूत्र घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. अनोळखी माणसं पाहून त्यांनी हातातला झारा पाठीमागे नेला.

नूपुरने मराठीत सांगितलं की ती विद्यापीठातून आली आहे, घारींच्या अभ्यासासाठी. मराठी ऐकून बाईंचा चेहरा आधी उजळला आणि लगेच पडला. त्या म्हणाल्या की इथे घारबीर काही येत नाही, त्या पापड वाळत घालायला आल्या आहेत. पापड कुठे आहेत असं कोणी विचारलं नाही. तेवढ्यात पंखांची झडप ऐकू आली. मेजोबाबू कठड्यावर येऊन बसली. पाठीवरच्या यंत्राची बारीक तार उन्हात चमकत होती. तिने आलेल्या पाहुण्यांकडे एकदा पाहिलं आणि मग खोलीच्या दाराकडे मान वळवली.

“घार आला,” नूपुर म्हणाली.

“आली,” बाई नकळत म्हणाल्या. मग त्यांनी झारा पुढे आणला, कारण लपवण्यात आता अर्थ उरला नव्हता.

त्याच वेळी खोलीतून पांढऱ्या साडीतल्या दुसऱ्या बाई ताटात रोहू माशाचं डोकं घेऊन, बंगालीत पुटपुटत बाहेर आल्या. एवढं चांगलं रुईचं डोकं रोज पाखराला घालायचं म्हणजे पाप आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. समोर दोन परकी माणसं पाहून त्या जागच्या जागी थांबल्या. घार थांबली नाही. तिने ताटातलं डोकं उचललं आणि टाकीवर जाऊन बसली.

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या बाई सरला दाबके. त्यांचे यजमान गुरुदत्त दाबके सरकारी बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, शेवटची बदली कोलकात्याची, इथेच फ्लॅट घेतला आणि इथेच राहिले. दाबक्यांच्या घरात अंड्याचा केकसुद्धा येत नसे. दुसऱ्या बाई बीथिका बागची, वरच्या मजल्यावरच्या. त्या विधवा होत्या. विधवेने मासे खायचे नाहीत हे आता बंगालात फारसं कोणी पाळत नाही, पण त्या ज्यांच्या घरात राहत त्या नव्वदीच्या थोरल्या दिरांना नवा काळ मान्य नव्हता, आणि त्यांचं मन मोडायचं बीथिकाबाईंच्या जिवावर येई.

चार वर्षांपूर्वी सरलाबाईंना टायफॉइड झाला. तापातून उठल्यावर अन्न जाईना. बीथिकाबाईंनी वाटीभर पातळ रस्सा आणला आणि कच्च्या केळ्याचा आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्याच घासाला सरलाबाईंना कळलं की हे केळं नाही. त्यांनी वाटी संपवली, धुऊन परत दिली आणि विचारलं, “उद्याही केळ्याचाच करणार का?”

तेव्हापासून हे चाललं होतं. दाबके रोज तीन ते पाच बुद्धिबळ खेळायला जात, बागचींचे दीर झोपत. गच्चीवरच्या खोलीत एक शेगडी ठेवलेली होती. वासाची भीती नव्हती. सबंध इमारतीतून माशांचा वास येत असे, त्यात आणखी एक कोणाला कळणार. अडचण काट्यांची होती. कचरा नेणारी बाई कोणाच्या डब्यात काय असतं ते चारही मजल्यांवर सांगे. मग एक दिवस एक घार येऊन ताटातलं डोकं घेऊन गेली, आणि सरलाबाईंना मार्ग सापडला. डोकं, शेपटी, काटे, सगळं घारीला. शिवाय माशाचे डोळे आपल्याकडे बघतात हे त्यांना आजही सहन होत नसे.

तमोघ्नला हे ऐकता ऐकता एक ताट मिळालं होतं. त्याने पहिला घास घेतला आणि जाहीर केलं की या दोघींची नावं विज्ञानाला कधीच कळणार नाहीत.

“आणि एकादशीला?” नूपुरने विचारलं.

सरलाबाई दुखावल्या. “एकादशीला कसं खाईन मी? संकष्टीला? मी काही ताळतंत्र सोडलेलं नाही.”

बीथिकाबाई म्हणाल्या की एकादशी त्यांचीही असते, पण संकष्टी आणि श्रावणात त्यांचे हाल होतात. मैत्रीण म्हणजे मैत्रीण, एकटीने कसं खायचं. त्या दिवसांत गच्चीवर कोणी नसे. वरून फिरणाऱ्या घारीला ताट दिसत नसे आणि ती उतरत नसे. चंद्राचा संबंध एवढाच होता.

निघताना सरलाबाईंनी नूपुरला कोणाची तू, असं विचारलं, आणि आईचं नाव ऐकून कठड्याचा आधार घेतला. मानसी घैसास आणि सरलाबाई मराठी मंडळाच्या गणपतीला दरवर्षी शेजारी बसून मोदक वळत. नूपुरने आईला काही न सांगण्याची शपथ घेतली. घाईत तिने स्वतःचीच शपथ पुल्लिंगी करून टाकली, पण सरलाबाईंनी ती चालवून घेतली.

सरांना सांगायचं काम नूपुरकडे आलं, कारण तमोघ्न म्हणाला की त्याचं पोट भरलेलं असताना त्याला खोटं गंभीर होता येत नाही. नूपुरने दिनदर्शिकाच बरोबर नेली. सरांनी ती टेबलावर पसरली आणि एकेक महिना पाहिला. कार्तिकापर्यंत येईतो त्यांच्या कपाळावरची शीर दिसू लागली. ते म्हणाले की दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असं होत नाही. कदाचित चंद्र घारीला रोखत असेल, आणि बायका योगायोगाने उपास करत असतील. हे वाक्य त्यांना स्वतःलाही ऐकवेना. मग ते उठले, गरुडाच्या चोचीतून छत्री काढली, परत अडकवली, आणि म्हणाले, “प्रयोग करू. पुढच्या एकादशीला त्या गच्चीवर मासा ठेवायचा. घार आली, तर मी निबंध मागे घेतो.”

प्रयोग सोपा होता, पण सरलाबाई ऐकेनात. उपासाच्या दिवशी त्या माशाला हात लावणार नाहीत, त्याच्या शेजारी उभ्याही राहणार नाहीत. शिवाय एकादशीला साबुदाणा खाल्ला की दाबक्यांना जडपणा येतो, ते बुद्धिबळाला जात नाहीत, घरीच पडतात. नूपुरने तीन फेऱ्या घातल्या. अखेर ठरलं ते असं की मासा सर आणतील, गच्चीवर सर एकटे उभे राहतील, आणि सरलाबाई बीथिकाबाईंबरोबर जिन्यात, दाराच्या आत, दुसरीकडे तोंड करून बसतील.

एकादशीच्या दिवशी सान्याल सर गडियाहाटच्या बाजारातून रुईचं एक थोरलं डोकं घेऊन आले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गळ्याला मफलर होता. नूपुर आणि तमोघ्न टाकीमागे लपले, नोंदवही घेऊन. साडेतीनला सर गच्चीच्या मध्यावर उभे राहिले. पिशवीतलं डोकं त्यांनी दोन्ही हातांत, देवाला नैवेद्य दाखवावा तसं धरलं.

पावणेचारला मेजोबाबू आली. उंचावर एक वळण घेतलं, दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. उतरली नाही. सरांचा हात भरून आला असेल, पण चेहरा हळूहळू उजळू लागला. पाच मिनिटं झाली. सर टाकीच्या दिशेने हलक्या आवाजात म्हणाले, “लिहा. अन्न उपलब्ध असूनही घार उतरत नाही.”

“तुम्हाला ओळखत नाही ती, सर,” टाकीमागून तमोघ्न म्हणाला.

“घारीला ओळखीची गरज नसते. लिहा.”

जिन्यात बसलेल्या बीथिकाबाईंचा उपास निर्जळी होता आणि त्यांची सहनशक्ती दुपारनंतर कमी होई. त्यांनी दाराच्या फटीतून स्टीलचं ताट आणि पळी बाहेर सरकवली आणि सरांना सांगितलं की घार बिचकली की त्या दोघी ताट वाजवून बोलावतात, वाजवा. सरांनी आधी न ऐकल्यासारखं केलं. मग प्रयोग म्हणजे प्रयोग, म्हणून डोकं ताटात ठेवलं आणि पळीने ताटावर एक टोला मारला. बीथिकाबाईंनी आतून सांगितलं की याने कावळाही येणार नाही, जोरात वाजवा. सरांनी जोरात तीन टोले मारले.

मेजोबाबू दगड पडावा तशी खाली आली. ताटात नखं आपटली, सरांचा चष्मा उडाला, मफलर निम्मा सुटला, आणि डोकं घेऊन ती टाकीवर जाऊन बसली. नूपुरने वेळ लिहिली. तीन वाजून चौपन्न मिनिटं.

सर हातात रिकामं ताट घेऊन उभे होते. इकडे जिन्यात सरलाबाई एकदम उठून उभ्या राहिल्या, कारण खालून चपलांचा आवाज येत होता. ताटाच्या आवाजाने दाबक्यांची झोप मोडली होती. दोन बायकांच्या मधून वाट काढत, त्यांना एक शब्द न विचारता, दाबके गच्चीवर आले. पांढरा शुभ्र लेंगा, त्यावर स्वेटर, हातात सोसायटीच्या किल्ल्यांचा जुडगा. समोर एक अनोळखी गृहस्थ, हातात ताट, पळी. टाकीवर मासा खाणारी घार. टाकीमागे दोन माणसांचे चार बूट.

सान्याल सरांनी चष्मा उचलला, डोळ्यांवर लावला आणि जन्मात पहिल्यांदा संशोधनाच्या बाबतीत खोटं बोलले. ते म्हणाले की ते विद्यापीठातले प्राध्यापक आहेत, आणि गेले चौदा महिने या गच्चीवर घारीला मासे तेच घालत आहेत.

“रोज?” दाबक्यांनी इंग्रजीत विचारलं.

“रोज.”

“शिजवून?”

सर गडबडले. टाकीमागून तमोघ्न म्हणाला की कधी शिजवून, कधी कच्चे, तुलनेसाठी.

दाबक्यांनी मान हलवली. “परवानगी कुठे आहे? मी सचिव आहे. माझ्याकडे असा अर्ज आलेला नाही.”

अर्ज नाही हे सरांना मान्य करावं लागलं. दाबके म्हणाले की मग आत्ता करा. नूपुरच्या नोंदवहीतलं पान फाडून, टाकीच्या कठड्यावर ठेवून, निर्माल्य सान्याल यांनी अर्ज लिहिला. दाबक्यांनी त्यात दोन शब्द बदलायला लावले, तारीख वरच्या कोपऱ्यात घ्यायला लावली. मग खिशातून पेन काढून खाली परवानगीच्या अटी लिहू लागले, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले. शेगडी वापरून झाल्यावर बंद करावी. खोलीची खिडकी उघडी ठेवावी. काटे गच्चीवर पडू देऊ नयेत. इथे ते थांबले, जिन्याच्या दाराकडे न बघता त्यांनी मराठीत म्हटलं, “एकादशी, संकष्टी आणि श्रावण सोडून. आजवर पाळलंय, पुढेही पाळावं.”

त्यांनी सही केली, कागद सरांच्या हातात दिला आणि खाली जाऊन पुन्हा झोपले.

संध्याकाळी सरलाबाईंनी वरईचा भात वाढताना त्यांना विचारलं की कधीपासून माहीत आहे. दाबके म्हणाले की आठवड्याला दोन डझन लिंबं आणणारं आणि कधी सरबत न होणारं घर त्यांनी दुसरं पाहिलेलं नाही. लिंबाने हात धुतले तरी लिंबाचा वास राहतोच. बुद्धिबळाचा कंटाळा त्यांना तीन वर्षांपूर्वीच आला होता, पण तीन ते पाच घराबाहेर राहणं भाग होतं. त्यांचं मागणं एकच होतं की मंडळात कोणाला कळू नये. सरलाबाईंनी पुढे बऱ्याच दिवसांनी नूपुरला सांगितलं की त्या रात्री त्यांना बरं वाटलं आणि रागही आला. इतकी वर्षं जिवाच्या आकांताने लिंबं चोळली होती.

सरांनी निबंध मागे घेतला नाही, बदलला. चंद्र काढून टाकला आणि त्याच्या जागी माणसांचे उपास घातले. परिषदेत निबंध वाचण्याचा मान त्यांनी नूपुरला दिला आणि स्वतः पुढच्या रांगेत बसले. दिल्लीहून आलेले एक शास्त्रज्ञ, जयप्रकाश नावाचे, उठून म्हणाले की घारीच्या उड्डाणावरून खाली राहणाऱ्या माणसाची भाषा ओळखता येते हा दावा त्यांना मुळीच पटत नाही. त्यांनी दहा मिनिटं विरोध केला. नूपुर श्रावणाच्या दोन गणनांवर उत्तर देत होती तेव्हा तमोघ्नने सरांकडे पाहिलं. सर इतके सुखावलेले त्याने कधी पाहिले नव्हते. निबंधाच्या शेवटी एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांचे आभार मानले होते. नाव, गल्ली, काही नाही.

परिषद आटोपल्यावर पहिल्याच बुधवारी सरांना गच्चीवर जेवायचं बोलावणं आलं. सर, नूपुर, तमोघ्न आणि सरलाबाई अशी चौघंजणं खोलीबाहेर सतरंजीवर बसली, पाचवी मेजोबाबू कठड्यावर. बीथिकाबाई शेगडीपाशी होत्या. त्यांनी पाबदा माशाचा रस्सा पळीने तळहातावर घेतला, चाखला, जरा विचार केला आणि चिमूटभर मीठ आणखी घातलं. सान्याल सर ते बघत होते. मग ते उठून गच्चीच्या टोकाला गेले.

नूपुर त्यांना बोलवायला गेली. सर म्हणाले की त्यांचे वडील गेले तेव्हा आई चौतिसाची होती. तिने मासे सोडले, पण मुलासाठी ते रोज शिजवले, बावीस वर्षं. कधी चाखून बघितलं नाही. मीठ अंदाजाने.

“बरोबर पडायचं?” नूपुरने विचारलं.

“नेहमी नाही,” सर म्हणाले. “मी सांगायचो तिला. आज खारट झालंय, आज आळणी झालंय.”

ताटं वाढली होती. सर परत आले, बसले आणि जेवले. बीथिकाबाईंनी मीठ कसं आहे असं विचारलं तेव्हा सरांनी ताट पुढे केलं. बाईंनी त्यात आणखी एक मासा वाढला. सरलाबाईंनी नूपुरला लिंबू दिलं. मेजोबाबूने आपला वाटा उचलला आणि ती पूर्वेला, धापाच्या दिशेने उडाली.

पुढच्या बुधवारी सर स्वतःच पिशवी घेऊन आले. मासे बाजारातच साफ करून घेतले होते, डोकी घारीसाठी वेगळ्या पुडीत.